कमरेचं माप

सरकारी दवाखान्यात डॉक्टर कमरेचं माप घेतात, हे मला माझ्या मुलीच्या आजारपणात कळलं. मी सिन्नरला ब्लाउज आणि ड्रेस शिवते. सकाळपासून टेप माझ्या गळ्यात असते. त्यामुळे नाशिकच्या त्या खोलीत तरुण डॉक्टर मॅडमनी टेप काढली आणि पीळ पडलेली तशीच माझ्या पोरीच्या ओढणीवरून गुंडाळली, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, असं माप घेतलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं. मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. टेप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मग तुम्हीच घ्या मावशी. मी लिहिते."

लेक तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. चार महिन्यांत ती वाळून गेली होती. तिला आवाज ऐकू यायचे. माप द्यायला येणाऱ्या बायका खरं तर आपल्यावर नजर ठेवायला येतात, असं तिला वाटायचं. एकदा तिनं माझ्या मापांच्या वहीची पानं फाडून बादलीत भिजवली. म्हणे, त्यात तिच्याविषयी लिहिलंय. नणंद म्हणाली, लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. नणंदेला मी चार शब्द सुनावले खरे, पण मलाही काही सुचत नव्हतं. शेवटी इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नाशिकला पाठवलं.

मॅडमच्या टेबलावर एक छापील पुस्तिका असायची, कडेला पेनाच्या खुणा केलेली. या आजाराच्या सुरुवातीला काय करायचं, कशानंतर काय, ते त्यात क्रमानं होतं. बाहेर बाकं माणसांनी भरलेली, आणि ही बाई त्यातली एकेक ओळ बघून प्रश्न विचारायची. आधी मला चीड आली. हिला काही पाठच नाही, बघून बघून डॉक्टरकी करते, असं वाटलं. मला इंजेक्शन हवं होतं, एका फटक्यात पोरीला जागेवर आणणारं. त्यांनी एकच गोळी लिहिली, तीही कमी ताकदीची. गोळी सुरू करायच्या आधी रक्त तपासलं, बीपी बघितलं, वजन आणि कंबर लिहून घेतली. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया, हे त्यांनी मला बाजूला घेऊन नाही, तिला समोर बसवून सांगितलं. या गोळीनं भूक वाढू शकते, म्हणून प्रत्येक खेपेला माप घ्यायचं, हेही तिलाच सांगितलं.

लगेच काही फरक पडला नाही. मॅडम दर वेळी तेच सांगायच्या, थोडं थांबू. दीड-दोन महिन्यांनी आवाज लांब गेल्यासारखे झाले, मग थांबलेच. लेक माझ्या शेजारी ब्लाउजला हुक लावायला बसू लागली. एका दुपारी तिनं आपणहून एका गिऱ्हाइकाला चहा दिला. मी आत जाऊन पोटभर रडले.

आणि मग तिचे ड्रेस घट्ट होऊ लागले. मी धसकाच घेतला. वजन वाढलेलं दिसलं की मॅडम गोळी बदलणार, त्या पुस्तिकेत तसं लिहिलेलंच असणार, आणि गोळी बदलली की ते आवाज परत येणार. माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना. ती आंघोळीला गेली की मी एकेक ड्रेस काढून बाजूच्या टिपा उसवायचे, आत दाबलेलं कापड सोडून सैल करायचे आणि इस्त्री करून होता तिथं ठेवायचे.

पुढच्या खेपेला दवाखान्यातला वजनकाटा दुरुस्तीला गेला होता. मला हायसं वाटलं. टेप नेहमीप्रमाणे माझ्या हातात आली. माप साडेएकतीस भरलं. मी सांगितलं, मागच्या खेपेचंच, एकोणतीस. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी कुणाचं माप खोटं सांगितलं नव्हतं. सांगितलं ते पोटच्या पोरीचं.

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या, मागचं पान बघितलं आणि उठल्या. काटा नाही तर मीही एकदा माप घेते, एवढंच म्हणाल्या. टेपचा पीळ काढून, ओढणी बाजूला करून, मी शिकवलं होतं अगदी तसं त्यांनी माप घेतलं. साडेएकतीस लिहिलं. मला एका शब्दानंही टोकलं नाही. ते न टोकणंच मला सोसेना. मी उसवलेले ड्रेस, गोळी बदलायची भीती, सगळं सांगून टाकलं, लेकीच्या समोर.

मॅडमनी मान तिच्याकडे वळवली आणि तुला काय वाटतं, असं विचारलं. लेक माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत होतं मम्मी," ती म्हणाली. "जुन्या टिपेची भोकं दिसतात ना. पण मी बोलले असते तर तुला वाटलं असतं, आता ही गोळी सोडणार. म्हणून रोज तुझ्यासमोर घेत होते."

रोज सकाळी ती मशीनपाशी येऊन, मला दिसेल अशी उभी राहून गोळी घ्यायची. मला वाटायचं, मी लक्ष ठेवते म्हणून घेते. लक्ष तीच माझ्यावर ठेवून होती.

गोळी एकदम बंद करायची नसते, मॅडम सांगू लागल्या. नवी हळूहळू वाढवायची, जुनी हळूहळू कमी करायची, दर आठवड्याला यायचं, झोप बिघडली तरी कळवायचं. आणि बदलायची की नाही, ते तिला विचारून ठरवायचं. लेक म्हणाली, बदलू या, पण सावकाश. ज्या बघून बघून केलेल्या डॉक्टरकीला मी नावं ठेवली, तिच्यापुढे त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले. पाठ आहे म्हणून एखादी ओळ गाळणारी डॉक्टर असती तर माझं एकोणतीस खपून गेलं असतं.

त्या आठवड्यांत माझं शिवणात लक्ष नव्हतं. ती जरा गप्प बसली की मी मशीन थांबवायचे. दोन रात्री तिला झोप लागली नाही, तर मॅडमनी फोनवर सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं आणि जुनी गोळी आणखी सावकाश कमी केली. आवाज आले नाहीत.

आता काटा दुरुस्त होऊन आलाय. त्यावरून उतरली की लेक स्वतःच कमरेला टेप लावते, आकडा सांगते, मॅडम लिहितात. मागच्या खेपेला ती म्हणाली, तीस. लांबून मला टेप सैल धरल्यासारखी, आकडा थोडा जास्त वाटला, हात टेपकडे गेलाही होता. मी तो मागे घेतला.