सोनवण्यांची जवारी

सोनवण्यांच्या घरी गाणं ऐकायला जायचं म्हणजे आधी रेल्वेचं वेळापत्रक बघावं लागे. कासारवाडीतली त्यांची खोली रुळांच्या इतकी जवळ होती, की मालगाडी गेली की मांडणीतली भांडी खणखणायची. भांड्यांचं सोनवण्यांना काही वाटत नसे. पण गाडीच्या हादऱ्याने रेकॉर्डवरची सुई उडाली, की ते असे कळवळत, जणू कुणी त्यांच्याच पायावर पाय दिला. दारात आलेल्याला आधी चपला काढायला लावत, मग मनगटावरचं घड्याळ. "टिकटिक येती त्याची," म्हणत. मग सतरंजीवरच्या एका ठरावीक जागेकडे बोट करून बजावत, "हितं बसा. लोनावळ्याची लोकल गेली की लावतो. मग हलायचं न्हाई."

शांताराम सोनवणे माझे शेजारी, आणि आम्ही कामालाही एकाच ठिकाणी. चिंचवडला पत्र्याचे भाग दाबून काढणारा एक कारखाना होता. मी तिथे स्टोअरमध्ये, आणि सोनवणे प्रेस शॉपमध्ये साचे बसवायला. प्रेस शॉपमध्ये आठ तास असा काही धडाका चालायचा, की तिथली माणसं तोंडाने बोलायचं सोडून हातवाऱ्यांनी बोलत. सोनवणे मूळचे तळेगाव दाभाड्याजवळच्या खेड्यातले. त्यांचे चुलते गावच्या भजनात वीणा धरून उभे राहत, आणि त्या तारांचा नाद लहानपणीच यांच्या कानात बसला होता. त्यामुळे रेकॉर्डवर कुणी का गाईना, सोनवणे ऐकत तंबोरा. तारेतून तो जो बारीक, चमचमता नाद उठतो ना, जवारी म्हणतात त्याला, त्यात यांचा जीव. "गानारा काय, येतोय मागनं," म्हणायचे. "आधी जवारी ऐका, कदम."

हे वेड पोसलं ते झानेत्ती नावाच्या इटालियन फिटरने. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यात इटलीहून मोठाले प्रेस आले आणि ते उभे करायला हा माणूस आला. काम झालं की यंत्रावरून तळहात फिरवायचा, डोळे मिटायचा, कुठे काही बोचलं तर पुन्हा कानस घ्यायचा. बाप सुतार होता म्हणे त्याचा. त्याचं इंग्रजी बेताचं आणि सोनवण्यांचं त्याहून बेताचं, त्यामुळे दोघांचं फार छान जमलं. सोनवणे त्याला घरी घेऊन आले, भाकरी खाऊ घातली, आणि आपल्या जुन्या खरखरत्या ग्रामोफोनवर तंबोरा ऐकवला. झानेत्ती रेकॉर्ड संपेपर्यंत जागचा हलला नाही. पुढे काही महिने तो कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये संध्याकाळी काहीतरी तासत बसायचा, आणि परत जाताना ते त्याने सोनवण्यांच्या हातात ठेवलं. तो रेकॉर्ड वाजवायचा प्लेयर होता. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, तिला एकही खिळा नाही. सुईचा दांडासुद्धा लाकडाचाच, बोटाएवढा, आणि तो जिथे फिरतो तिथे आतलं पितळी काम झाकून वर लाल लाखेचा ठिपका. त्या ठिपक्याकडे बोट दाखवून झानेत्तीने मान हलवली, म्हणजे हे उघडायचं नाही. मग पेटीवरून हात फिरवून म्हणाला, "फिनितो."

फिनितो म्हणजे पुरं झालं; सोनवण्यांना येणारा हा एकच इटालियन शब्द. "शिफ्ट सपली की आपलं काम सपतंय, राव," ते सांगायचे. "पन ते झालेलं नसतंय. झानेत्तीचं काम झालेलं असायचं. फिनितो." पुढे ते कशालाही फिनितो म्हणू लागले. त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, चांगली फुगलेली भाकरी वाढली की म्हणत, "ही फिनितो." वहिनी म्हणत, "मग उरलेल्या पिठाचं काय, इटलीला धाडू?"

आता झालेल्या कामाला माणसाने हात लावू नये. पण सोनवण्यांकडे त्यावर तोड होती. "आमी पेटीला कुटं हात लावतोय? आमी पेटीच्या खाली करतोय!" आणि पेटीच्या खाली त्यांनी काय काय केलं! गाडीचा हादरा अडवायला आधी विटा आल्या. विटांवर वाळूचा ट्रे. वाळूवर सायकलची अर्धवट फुगवलेली ट्यूब. तरी समाधान होईना, तेव्हा एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातला पाटा उचलून ट्यूबवर ठेवला. त्या दिवसापासून सुमनवहिनी चटणी वाटायला आमच्या घरी येऊ लागल्या. भिंतींवर गोधड्या लागल्या. कानात घालायला कारखान्यात कापूस मिळायचा, तो सोनवणे जपून घरी आणत आणि त्याने रेकॉर्ड पुसत. आणि गाणं सुरू व्हायच्या आधी वहिनींना हातातल्या काचेच्या बांगड्या काढून फळीवर ठेवाव्या लागत, कारण आलापात किणकिण नको.

प्रत्येक सुधारणेनंतर आम्हाला बोलावणं येई. रेकॉर्ड लागे, आणि सोनवणे आमच्या चेहऱ्याकडे बघत विचारत, "पडला का फरक?" मला, माझ्या बायकोला, समोरच्या घरातल्या पोस्टमनला, कुणालाही कसलाही फरक कळत नसे. पण त्या चेहऱ्याला नाही म्हणायची कुणाची छाती होती? आम्ही माना डोलवायचो. "पडला की! केवढा!" सोनवणे खूश होऊन चहा टाकायला सांगत. वर्षानुवर्षं आम्ही असं खोटं बोललो आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

मग त्यांची जवारी हरवली.

"तंबोरा भुंड्या आवाजात बोलतोय," ते एक दिवस म्हणाले. "वरचं चमचमतं काहीच येत न्हाई." आम्ही ऐकलं. तंबोरा अगदी लखलखीत वाजत होता, आमच्यासारख्या दगडांनाही ऐकू येत होता. तसं सांगितलं तर सोनवणे खिन्न हसले. "तुमी भिडंला पडताय, राव." इतकी वर्षं खोटं बोललो तेव्हा आम्ही जाणकार होतो, आणि पहिल्यांदा खरं बोललो तेव्हा भिडस्त ठरलो. त्यांनी वाळू बदलली, ट्यूब बदलली, सुई बदलली. पिंपरीच्या रेडिओवाल्याकडून सगळ्या वायरी बदलून आणल्या. मधेच एकदा खुशीत येऊन म्हणाले, "एक मात्र बरं झालं. त्या झरोक्यातल्या चिमण्या गेल्या एकदाच्या." मी वर बघितलं. झरोक्यात दोन चिमण्या चोचीत काड्या घेऊन नुसता कलकलाट करत होत्या. मला वाटलं, गंमत करतायत.

गंमत नव्हती, हे मला चटणीमुळे कळलं. आमच्या पाट्यावर खोबरं वाटता वाटता वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "परवा मी बांगड्या काढायला इसरले. गानं हुईस्तोवर हातातच व्हत्या, आन् मी तांदूळ निवडत व्हते. तर गानं झाल्यावर म्हनत्यात, आज बांगड्या काढल्यास, बरं वाटलं ऐकायला." वहिनींचा हात थांबला होता. "तवापासनं मी काढतच न्हाई. त्यांना पत्ताच न्हाई."

"मग सांगत का नाही त्यांना?" माझ्या बायकोने विचारलं.

"काय सांगू? एवढा एकच नाद हाय त्या मानसाला. कान गेलं म्हनलं तर खालीच बसंल."

आम्ही गप्प राहिलो. सोनवणे मात्र गप्प बसणारे नव्हते. सगळं बदलून झालं होतं, आणि आता संशय घ्यायला एकच गोष्ट उरली होती, तो सुईचा दांडा. महिनाभर माणूस उदास होता. झानेत्तीवर संशय घ्यायचा म्हणजे त्यांना फार जड गेलं असणार. शेवटी कॅंटीनमध्ये माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, "त्याच्याच कामात खोट राहिली, कदम. रविवारी लाख फोडतो." ते बारीक पितळी काम एकदा सुटलं, तर पिंपरीपासून चाकणपर्यंत ते पुन्हा जुळवणारा कुणी नव्हता, आणि झानेत्तीचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. कान तर गेलेच होते. आता पेटीही जाणार होती.

रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली, बारीक स्क्रू पडले तर ताटली धरायला. मी ताटली धरून बसलो. सोनवण्यांनी चष्मा पुसला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि टोक लाखेच्या ठिपक्यावर टेकवलं. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. पदराला हात पुसले, सोनवण्यांच्या मागे उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या कानापाशी दोन्ही मनगटं जोरात हलवली. हातभर बांगड्या होत्या. मला तर तो आवाज अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा वाटला.

सोनवणे लाखेकडेच बघत राहिले.

वहिनींनी हात त्यांच्या डोळ्यांपुढे आणले आणि पुन्हा हलवले. त्यांनी बांगड्यांकडे बघितलं, मग वहिनींच्या तोंडाकडे बघितलं. वहिनी रडत होत्या. "पेटीत काय बी झालं न्हाई," त्या मोठ्याने म्हणाल्या. "चिमन्या बी हायेत. समदं हाय तितंच."

एक मालगाडी आली आणि गेली. मग सोनवण्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या ताटलीत ठेवला, लाखेच्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी झानेत्तीची खोट न्हाई!" दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हे गृहस्थ मला टाळी द्यायला हात पुढे करत होते. टाळी दिली, आणि मग मात्र ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी चपला घालून गुपचूप बाहेर पडलो.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, प्रेसच्या आवाजाने बारीक सूर गेले, ते परत यायचे नाहीत. कारखान्यात कानात घालायला काही देत नाहीत का, असंही विचारलं. सोनवणे म्हणाले, "देत्यात की. लई मऊ कापूस असतोय." हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत केली नव्हती. त्यांनी बायकोला विचारलं, "पडला का फरक?" अख्ख्या कासारवाडीला विचारून झालं होतं, फक्त घरात विचारायचं राहिलं होतं. वहिनींनी एक रेकॉर्ड शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "त्या गोधड्या काढा. आवाज कोंडतोय." गोधड्या गेल्या. पुढच्या रविवारी ट्यूब गेली, मग वाळू, मग विटा. पाटा स्वयंपाकघरात परत आला. सोनवण्यांनी हादऱ्याची शंका काढली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "गाड्यांच्या येळा मला पाठ हायेत. मधल्या येळात लावू." शेवटी पेटी साध्या टेबलावर आली, झानेत्तीने दिली होती तशीच. वहिनींनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "फिनितो." सोनवणे पेटीवर तळहात टेकवून बसत, आणि जवारी छान उठली की वहिनी त्यांच्या हातावर हात ठेवत. एकदा वहिनी सवयीने बांगड्या काढायला लागल्या, तेव्हा त्यांनी हात धरला. "राहू दे. घालत जा आता कायम. ऐकू न्हाई आल्या तरी दिसत्यात."

रिटायर व्हायच्या आतच, ऐंशी साल उलटल्यावर, सोनवणे गेले. छातीत दुखायला लागलं आणि पिंपरीला नेईपर्यंत सगळं आटोपलं. फार चांगला माणूस गेला. दुसऱ्या दिवशी गावाकडच्या म्हाताऱ्या बायका वहिनींना घेऊन बसल्या आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्या बांगड्या उतरवायला लागल्या. वहिनींनी दोन्ही हात मागे घेतले.

"त्यांच्यापायी काढायच्या तेवढ्या काढून झाल्या," त्या म्हणाल्या. "आता घालायला सांगून गेल्यात."