विमा त्याच्या नावावर होता

धाकट्या भावाचा फोन आईच्या हातून बादलीत पडला. कपडे पिळता पिळता ती त्याचं बोलणं ऐकत होती.

भाऊ गेल्या पावसाळ्यात लातूरला डेंग्यूने गेला. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याची खोली मीच रिकामी केली आणि आईला इकडे नांदेडला घेऊन आलो. तो रोज कामावरून आईला फोन करायचा, आणि त्याच्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. 'आई, जेवलीस का? गोळी घेतलीस का?' एवढंच असायचं त्यात. तो होता तेव्हा आई या चौकशीला वैतागायची. आता दुपारभर तेच लावून बसायची. मी शाळेतून घरी यायचो तेव्हा आत तो बोलत असायचा, आणि मी दारात चपला काढायला उगाच वेळ लावायचो. खरं सांगायचं तर फोन बुडाला तेव्हा वाईट वाटलं, तसं थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

इथल्या वजिराबाद भागातल्या मोबाइलच्या दुकानदाराने फोन उघडून पाहिला. "सर, बोर्डात पानी गेलंय. दुरुस्ती लई महाग पडंल. आतलं रेकॉर्डिंग निघंल बी, न्हाई बी."

दुसरा मार्ग फुकट होता. भावाने फोन घेतानाच त्याचा विमा काढला होता. "फोनचा काढतोस, तुझा कोण काढणार?" असं म्हणून मी त्याला तेव्हा चिडवलं होतं आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो. त्या विम्याची मुदत आता संपत आली होती. नवाकोरा फोन मिळणार होता, फक्त जुना जमा करायचा.

"नवा घिऊन काय करू?" आई म्हणाली. "त्यात त्यो हाय का?"

मी मास्तर माणूस, समजावत बसलो. दुरुस्तीत पैसेही जातील आणि आवाजही, म्हटलं. ती गप्प झाली. तो मी होकार धरला आणि विमा कंपनीकडे क्लेम टाकला.

त्याचं सिम मी माझ्या फोनमध्ये घालून चालू ठेवलं होतं. त्यावर विमा कंपनीचा कॉल आला. एका मुलीने त्याचं नाव घेऊन विचारलं, "सर, आपणच बोलताय ना?"

नाही म्हटलं असतं तर मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, कचेरीत खेटे, आणि तोवर मुदत संपली असती. मी म्हणालो, "व्हय, म्याच बोलतोय."

हे माझं बोलणं नव्हतं, त्याचं होतं. वर्गात शिकवून शिकवून माझी भाषा पुस्तकी झाली आहे. आवाज मात्र आम्हा भावांचा पहिल्यापासून एकच. तिने जन्मतारीख विचारली, मी त्याची सांगितली. फोन कसा पडला, विचारलं.

"आईच्या हातून, मॅडम. तिला काय बोलावं? म्हातारं मानूस हाय," असं म्हणून मी त्याच्यासारखा नाकातून हसलो. ते हसू माझ्या तोंडून कसं निघालं, कळलं नाही. तरी मी थांबलो नाही, कारण मला बरं वाटत होतं.

"तब्येत वगैरे बरी ना, सर?"

"एकदम ठणठणीत."

वळून पाहिलं तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. हात पिठाने भरलेले. इतकी आनंदी ती मला वर्षभरात दिसली नव्हती. मला तिच्याकडे बघवेना.

"उद्या जुना फोन न्यायला आमचा माणूस येईल, सर. चालेल ना?"

"नगं. क्लेम रद्द करा," मी म्हणालो. "आमी दुरुस्त करून घेतो." आवाज अजून त्याचाच होता. माझा परत कसा आणायचा ते सुचत नव्हतं.

आई जवळ आली. पिठाचा हात तिने माझ्या मनगटावर ठेवला.

"फोन ठिवू नगं, बाळा," ती हळूच म्हणाली. "आजून बोल की जरा."

मला ती दादा म्हणते. बाळा तो होता.

"मॅडम," मी म्हणालो, "रद्द करायच्या आधी विम्याचे समदे नियम येकदा पयल्यापासून सांगता का?"