हवा न सोसणारी बाटली

आमच्या आतोबांचा या जगात कुणावरही विश्वास नव्हता. देवावर होता की नाही, ते मला खात्रीनं सांगता येणार नाही. येरमाळ्याच्या येडेश्वरीला ते नेमानं जात. पण एक चप्पल देवळाबाहेर ठेवून दुसरी काखेत घेऊन आत शिरत. "जोडी फुटली की चोराचा इलाज चालत नाही," असं त्यांचं म्हणणं. काखेतली चप्पल पडू नये म्हणून त्यांचा नमस्कार नेहमी थोडा एका बाजूला कललेला असे. दूधवाला दुधात पाणी घालतो असा संशय सगळ्या गावाला होता. आतोबांना मात्र आमच्या दूधवाल्याचं दूध चांगलं असण्याचाच संशय यायचा. "इतकं दाट दूध कुणी उगीच देत नाही. याच्या मनात काहीतरी आहे," असं पुटपुटत ते तो वळणाआड जाईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. कुणी आंब्यांची पाटी पाठवली तर आधी तळाचा आंबा काढून चाखत, आणि तोही गोड निघाला की जास्तच काळजीत पडत.

नोकरीची सगळी वर्षं ते आसामात तेलाच्या खाणींवर होते आणि आत्या इथं येरमाळ्याला. तिला त्यांनी तिकडं कधीच नेलं नाही. घराला कुलूप लावलं तर भाऊबंद ते तोडून आत संसार थाटतील, अशी त्यांची खात्री होती. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "कुलूप म्हणून ठेवलं होतं मला. गंजले नाही, एवढंच."

हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधलं शिक्षण संपवून मी काही महिने आत्याकडं राहायला आले, तेव्हा माझीही तपासणी झाली. मी मुळातच कमी बोलणारी. चार माणसांत उत्तर द्यायची वेळ आली की आधी मनातल्या मनात वाक्य जुळवणारी, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला. आतोबांनी दोन दिवस माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी आत्याला सांगितलं, "इंग्रजी शिकलेली मुलगी गप्प बसते, म्हणजे ती सगळं ऐकत असते." मला राग आला नाही. ते खरंच होतं.

त्यांचा भरवसा होता तो फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांवर. स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत, कोनाड्यात, एक जाड काचेची बाटली होती. तिच्या तोंडाशी बूच, बुचातून आत गेलेली रबरी नळी, नळीला चिमटा आणि बुचाच्या कडेनं मेण. आत काळसर, गढूळ पाणी. आसामातल्या एका बंद पडलेल्या तेलविहिरीच्या तळातून निघालेला तो चिखल, आणि त्यात, आतोबांच्या म्हणण्याप्रमाणे, कोट्यवधी कामगार. तिथल्या प्रयोगशाळेत आतोबा सामानाची देखरेख करत. तिथल्या साहेबानं त्यांना ही गोष्ट समजावली होती. साहेब मायदेशी गेला, आणि नोकरी संपवून गावी येताना आतोबांनी बाटली बरोबर आणली.

"जमिनीतलं तेल विहिरीतल्या पाण्यासारखं डुचमळत नसतं," ते मला सांगायचे. "दगडाला बारीक बारीक भोकं असतात. त्यांत ते मुरलेलं असतं. पंप लावून निघेल तेवढं निघतं. बाकीचं दगड सोडत नाही. तेलाचं भांडं नुसत्या पाण्यानं धुऊन बघ, निघतं का? शिकेकाई लागते. हे जंतू म्हणजे दगडाच्या पोटात पाठवलेली शिकेकाई. काकवी खातात, साबणासारखं काहीतरी सोडतात, वर वायू करून तेलाला ढकलतात. पगार नाही, संप नाही, चुगली नाही. माणसाला गूळ दिला तर तो ढेप मागतो. हे दिलं तेवढ्यात काम करतात."

हे खूळ होतं की शास्त्र, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. त्यांच्यासारखी मीही चटकन विश्वास न ठेवणारी. पण त्यांची तयारी पक्की होती. एका पत्र्याच्या डब्यात वाळू भरून, तिच्यात मोटारीचं जळकं तेल मुरवून, ती पाण्यानं इतकी धुतली होती की खालच्या नळीतून आता तेलाचा थेंब येत नव्हता. आता फक्त बाटलीतले जंतू डब्यात सोडायचे, काकवी घालायची, डबा बंद करायचा आणि उरलेलं तेल बाहेर येतं का ते बघायचं. प्रयोग अडला होता तो एकाच कारणानं. साक्षीदार हवा होता, आणि भरवशाचा साक्षीदार साऱ्या तालुक्यात सापडत नव्हता. शाळेचे हेडमास्तर श्रेय घेतील, डॉक्टर जंतू चोरतील, आणि माझं काय, मी हैदराबादला जाऊन इंग्रजीत छापून आणीन. दिल्लीच्या तेल खात्याला त्यांनी कळवलंही होतं. पण बाटली चोरायला कुणी येऊ नये म्हणून पत्ता खोटा दिला होता. मग उत्तर येईना, तेव्हा पोस्टमननं ते दाबलं असा आरोप करून त्याच्याशी बोलणं सोडलं.

तोवर जंतूंना जगवायचं म्हणजे नळीतून काकवी पाजायची, आणि तीही आंबवलेली. बाटलीशेजारी काकवीपाण्याचे चार घडे कायम फसफसत असायचे. निजामाच्या राज्यात या वासाकडं कुणी लक्ष दिलं नसतं. तेव्हा शिंदीची दुकानं उघड चालायची. पण आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्यामागून दारूबंदी आली, आणि गावाच्या नाकाला नवीन धार चढली.

एका दुपारी जमादार दारात उभे राहिले. बरोबर पंच म्हणून शेजारचे भानुदासराव आणि कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार.

"आसामकर," जमादार म्हणाले. गाव आतोबांना याच नावानं ओळखे. "वास येतोय बरं का. लई दिवसापासून येतोय."

"जंतूंच्या खाण्याचा वास आहे तो."

"जंतू पीत्यात व्हय?" भानुदासरावांनी विचारलं. "मग आमच्या गावातले बरेच जंतू वळखीचे हायत माझ्या."

"तुम्हीच सांगितलंत ना यांना?" आतोबा म्हणाले. "मला पहिल्यापासून संशय होता."

"संशय तर तुमाला माझ्या बारशापासून हाय, आसामकर. शपथ घेतो, म्या न्हाय सांगितलं. पर वासाला काय सांगावं लागतं? तो सोताच गावभर हिंडतोय."

घडे तपासून झाले. काकवी आंबली होती, पण दारू गाळायचं काही सामान सापडलं नाही. जमादार समाधानानं वळणार, तेवढ्यात त्यांना कोनाडा दिसला.

"ही काय? मेण लावून जपलीय. हीच आसंल खरी. उघडा."

आतोबा बाटलीपुढं जाऊन उभे राहिले. "ही उघडायची नाही. यांना हवा सोसत नाही. हवा लागली की मरतात."

"अजब हाय. हवेबिगर मेलेलं म्या लई बघितलं. हवेनं मेलेलं एक न्हाय."

"मग लिहा, दारू आहे. मी कबूल करतो. मला घेऊन चला, बाटली राहू द्या."

जमादारांनी कपाळाला हात लावला. "आवो, दारू म्हनलं की मुद्देमाल आला. तो कचेरीत जानार, तितं सायब उघडनार. तुमी बी आत, बाटली बी आत."

आतोबांचा चेहरा मला अजून दिसतो. आयुष्यभर त्यांनी जिथं डाव नव्हता तिथं डाव पाहिला होता. आज खरोखर कोंडी झाली, तर तिच्यात कुणाचाच डाव नव्हता. बाटली उघडली तर जंतू जाणार, नाही उघडली तर स्वतः जाणार, आणि मग जंतूही.

तेव्हा आत्या दारातून म्हणाली, "उघडा ती. तिच्यात काही नाही."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"दिवाळीला मी ती घासली होती. घाण वास मारत होती, म्हणून राखेनं घासून, ऊन पाण्यानं विसळून, काकवीचं पाणी भरून ठेवलं. तुमचे जंतू तेव्हाच गेले. बोलायचा धीर झाला नाही."

मी ती दिवाळी तिथंच काढली होती. मेणावर आतोबांच्या अंगठ्याचा ठसा होता; तो एकदाही मोडला नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही असणार, कारण ते रोज सकाळी तो बघत. पण त्या दिवशी त्यांनी ठशाकडं पाहिलंच नाही. ते आत्याकडं बघत होते. मग त्यांनी कोनाड्यातून बाटली उतरवली आणि नखानं मेण खरवडून स्वतःच बूच ओढलं.

फस्स झालं. बुडबुडे वर आले, आणि कुजक्या अंड्यांचा असा वास सुटला की किराणा दुकानदार थेट अंगणात गेले. कॉन्व्हेंटच्या प्रयोगशाळेत तो वास मी एकदा घेतला होता. राखेनं घासलेल्या बाटलीतून तो येत नाही. आत सगळे जिवंत होते, आणि कामावर होते.

"आरं बापरे!" जमादार नाकाला रुमाल लावून म्हणाले. "ही दारू न्हाय. आसली दारू आसती तर दारूबंदीचा कायदाच लागला नसता." भानुदासरावांनी पंचनाम्यावर सही केली ती खिडकीबाहेर डोकं काढून.

"रिकामीच होती," आतोबा हळू म्हणाले. "बरोबर सांगितलं हिनं."

माणसं गेल्यावर दोघं ओसरीवर बसले. मी आत होते. पण मी गप्प असते तेव्हा सगळं ऐकत असते, हे वर आलंच आहे.

"मी खोटं बोलले," आत्या म्हणाली.

"कळलं मला. वास आला की."

"मग मला खोटं का पाडलं नाहीत?"

 आतोबा म्हणाले, "बाटली राहिली असती आणि मी तुरुंगात गेलो असतो, तर तू त्यांना वेळेवर काकवी घातली असतीस, याची काय खात्री?"

आत्या हसली की रडली, ते मला भिंतीआडून कळलं नाही. थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "आसामला जाऊन पुन्हा आणू या का? त्या विहिरीत असतील अजून. आता घराला कुलूप लावू, लोखंडाचं. मीही येते."

 त्यानंतर मी आतोबांच्या तोंडून जंतूंचं नाव ऐकलं नाही. वाळूचा डबा त्यांनी उन्हात रिकामा केला आणि बरेच दिवस ते संशय न घेता नुसते बसून राहिले; घरात ते कुणालाच बघवेना. पुढं कधीतरी ते येडशीच्या स्टेशनावर जाऊन आले. तिथल्या मास्तरांनी आसामला जायच्या गाड्या कुठं कुठं बदलायच्या ते सांगितलं. ते ऐकून हा माणूस आपल्याला भलतीकडं पाठवतो आहे असा आतोबांना दाट संशय आला, आणि ते तसेच परतले. दोघं आसामला कधीच गेले नाहीत.

पण पुढं एकदा त्या स्टेशनावर माझी मास्तरांशी गाठ पडली, तेव्हा त्यांनी विचारलं, "ते आसामकर गेले का हो शेवटी? दोन माणसांच्या तिकिटांची चौकशी करून गेले होते."