आरशातली दोन झाडं

त्याला सगळे फर्स्टक्लास म्हणत. केस कापून झाले की मागे छोटा आरसा धरायचा, गिऱ्हाइकाला त्याची मान दाखवायची आणि ते काही बोलायच्या आत आपणच म्हणायचं, "फर्स्टक्लास." जन्मभर स्वतःची पाठ स्वतःच थोपटणाऱ्या माणसाला लोक दुसरं कोणतं नाव देणार? कारागीर मात्र खरोखरच चांगला. हात हलका, जीभ सैल, आणि दुकानातल्या कुणाला कंटाळा म्हणून येऊ द्यायचा नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या दारातून घरात जायचं, पुढच्या दारातून अंगणात. अंगणाच्या फाटकाशी दोन बाजूंना दोन झाडं होती, एक तामण आणि एक कांचन. खुर्चीसमोरचा आरसा असा लावलेला होता, की बसलेल्या माणसाला आपल्या डोक्याच्या वर ती दोन्ही झाडं दिसायची. घर बांधलं तेव्हा तामण त्याने लावलं होतं आणि कांचन बायकोने. तिच्या माहेरच्या दारात कांचन होता, म्हणून तिला तोच हवा होता.

उन्हाळा लागला की तामण जांभळ्या घोसांनी नुसतं लगडून जायचं. रस्त्याने जाणारे मान वळवून बघायचे. कांचनाला पानं भरपूर, सावली चांगली, पण फुलांच्या नावाने शिमगा. नाही म्हणायला एक फांदी कुंपणाच्या भिंतीपलीकडे झुकली होती, तिच्यावर चार-दोन चुकार फुलं यायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, की फर्स्टक्लास आरशातच बोट दाखवायचा. "हे माझं झाड, ते हिचं. माझं कसं लेकुरवाळं आहे बघा. हिचं वांझ." वस्तरा गळ्याशी असताना कोण हसणार नाही? दुकान हसायचं. आत बायको दुकानाचे टॉवेल घडी करत असायची. ती कधी काही बोलली नाही, म्हणून तिलाही हा विनोद आवडतो अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती.

थंडी ओसरायला लागली, की तो मोठी कात्री घेऊन दोन्ही झाडांची हजामत करायचा. केस काय नि फांदी काय, टोकं उडवली की जोम धरतात, हा त्याचा सिद्धांत. तामणाने तो दरवर्षी खरा करून दाखवला. कांचनाने दाखवला नाही, तर दोष कांचनाचा. सुरुवातीच्या वर्षांत बायको एक-दोनदा म्हणाली होती, की याला यंदा राहू द्या, न कापता कसं होतं ते बघू. त्यावर त्याने खुर्चीतल्या माणसाला डोळा मारला आणि आता ही मला हजामत शिकवणार म्हणून तिची खिल्ली उडवली. मग तिने म्हणायचं सोडून दिलं.

गेल्या हिवाळ्यात त्याने ठरवलं, की कांचन मुळासकट काढायचा आणि तिथे दुसरं तामण लावायचं. लाकूडतोड्याशी बोलणंही झालं. बायकोला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की ते झाड मला हवं आहे. त्याने ते कानाआड केलं. पण त्याच आठवड्यात आरशाची वरची कड पुसायला तो स्टुलावर चढला आणि खाली आला तो उजव्या मनगटावरच. हात प्लास्टरमध्ये गेला. झाड तोडताना आपण स्वतः उभं राहून सूचना दिल्या पाहिजेत या हौसेपायी त्याने ते कामही पुढे ढकललं. दुकान सांभाळायला त्याचा जुना सोबती कारागीर यायला लागला. त्याला झाडं छाटायची गळ घातली, तर त्याने साफ नकार दिला. आपण माणसांचे केस कापतो, झाडांच्या भानगडीत पडत नाही, म्हणाला.

थंडी सरता सरता कांचनाची पानं गळाली. आणि एका सकाळी गालाला साबण लावलेलं एक गिऱ्हाईक आरशात बघता बघता खुर्चीतून उठलं आणि तसंच दारात जाऊन उभं राहिलं. नागड्या फांद्यांवर, पार शेंड्यापर्यंत, गुलाबी फुलं आली होती. पान एक नव्हतं, नुसती फुलं. फाटकाशी माणसं थांबायला लागली.

फर्स्टक्लासने आधी खताला श्रेय दिलं, मग हवेला. मग दुकानात गर्दी नाही असं बघून तो जवळ गेला. फुलं नव्या फुटव्यांवर नव्हती. ती गेल्या वर्षीच्या काटक्यांवर होती, आणि टोकाला सगळ्यात दाट. त्याच्या खालीच जुन्या गाठी दिसत होत्या, दर वर्षी त्याने कात्री मारली होती तिथल्या. तामण नव्या फांदीच्या टोकाला फुलतं, म्हणून त्याला छाटणी मानवायची. हा जुन्या फांदीवर फुलतो. म्हणजे येऊ घातलेल्या कळ्या तो स्वतःच्या हाताने उडवत आला होता आणि वर झाडालाच नावं ठेवत होता. भिंतीपलीकडच्या फांदीवर फुलं यायची, कारण तिथे कात्री पोचत नव्हती.

एवढंच असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण झाडाखाली उभं असताना त्याला आपलाच शब्द ऐकू आला, आणि त्याचे कान तापले.

त्यांना मूल नव्हतं. त्याची आई एकदा सुनेला तो शब्द बोलली होती, तेव्हा तो आईवर असा काही खवळला होता, की पुन्हा तिने तोंड उघडलं नाही. त्या एका दिवसाच्या जोरावर तो स्वतःला चांगला नवरा समजत आला होता. पण त्याच सुमारास बायको एकटी डॉक्टरांकडे जाऊन सगळ्या तपासण्या करून आली होती. हिच्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला पाठवा, असं डॉक्टर म्हणाले होते. तो गेला नाही. आधी दुकानात गर्दी होती, मग सर्दी होती, मग आपल्याला काय कमी आहे असं म्हणून त्याने तो विषयच मिटवला. आईला त्याने गप्प केलं, पण डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं नाही. आणि ज्या शब्दावरून आईशी भांडला, तोच शब्द स्वतःच्या दुकानात, बायको भिंतीपलीकडे असताना, हसत हसत वापरत राहिला. मुद्दाम केलं असतं तर निदान लक्षात तरी राहिलं असतं. त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

पुढचे काही दिवस तो बायकोची नजर चुकवत राहिला. तिच्याशी बोलायचं ठरवायचा आणि ती समोर आली की प्लास्टर खाजतंय म्हणून सांगायचा. मोठा बोलका माणूस, पण चार शब्द जुळेनात.

एका सकाळी दुकान भरलेलं असताना निवृत्त पोस्टमन खुर्चीत बसले होते. जुनं गिऱ्हाईक, मोकळा माणूस. आरशात बघून ते म्हणाले, "काय फर्स्टक्लास, वहिनींचं वांझ झाड बाळंत झालं म्हणायचं!"

सगळे हसले. त्यांना हसायला त्यानेच शिकवलं होतं. त्याची नजर आरशाशेजारच्या मागच्या दाराकडे गेली आणि तिथे टॉवेलांची चळत घेऊन उभी असलेली बायको दिसली. आज गप्प बसलो तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे त्याला पक्कं कळलं.

"ते वांझ नव्हतं," तो म्हणाला. "कळ्या मीच कापत होतो. दोष माझा होता."

सोबत्याची कात्री थांबली. पोस्टमन उगाच खाकरले आणि यंदा ऊन लवकर पडलं असं काहीतरी म्हणाले. बायकोने टॉवेल फळीवर ठेवले, नीट लावले.

"झाडाचं बोललात, बरं केलंत," ती म्हणाली आणि आत गेली.

दुकानात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला मात्र ते बरोबर लागलं. तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. ती चुलीकडे तोंड करून उभी होती. त्याने दाराची चौकट डाव्या हाताने धरली. "अगं, तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावलं होतं, मी गेलो नाही," तो म्हणाला. "तुझ्यात काही नव्हतं. मला ठाऊक होतं."

ती वळली. रागावली नव्हती, आणि ते त्याला जास्तच जड गेलं.

"मलाही ठाऊकच होतं की," ती म्हणाली. "ते तुमच्या आईला सांगायला हवं होतं."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुनेबद्दलचा तो समज मनात घेऊनच ती गेली. दुपारी बायकोने जेवण वाढलं, आणि उजवा हात चालत नाही म्हणून त्याच्या डाव्या हाताशी चमचा ठेवला. तो खाली मान घालून बसला, आणि ती समोर होती तोवर त्याला मान वर करता आली नाही.