मुठींवरून मोजलेलं गाव

अभिमन नानांना इतिहासाचं वेड निवृत्त झाल्यावर लागलं, असं सावरपिंप्रीचे लोक सांगतात. साफ खोटं आहे. एस.टी.त कंडक्टर होते तेव्हापासून प्रवाशाला तिकीट देता देता ते त्याच्या आजोबाचं नाव विचारत. फक्त तेव्हा लोकांना उतरून पळता यायचं.

मी पारोळ्याला शाळेत मराठी शिकवते, आणि नानांच्या पुस्तकांची प्रुफं तपासण्याचं काम दहा वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं ते अजून सुटलेलं नाही. त्यांच्या पहिल्या पुस्तकात तालुक्यातली गावं बसथांब्यांच्या क्रमाने आली होती. किल्ल्याला अर्धं पान, आणि फाट्यावरच्या निंबाच्या झाडाला साडेतीन. मी भांडले, तर शांतपणे म्हणाले, "बाई, किल्ल्याजवळ गाडीची वाट बघत कोण बसतं?" छापलं तसंच.

माहिती गोळा करायची त्यांची ठरलेली जागा म्हणजे गंधमुक्तीचा कार्यक्रम. माणूस गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी सगळे भाऊबंद जमतात, सकाळभर मांडवात बसून असतात आणि कुणालाच उठून जाता येत नाही. नाना तिथे डायरी घेऊन पोचत. मग पुढे पुढे असं झालं की, कुणी आजारी पडलं आणि नाना भेटायला आले, तर घरचे आधी त्यांच्या खिशाकडे बघत, डायरी आहे का म्हणून. एका म्हातारीने तर त्यांना दारातूनच सांगितलं, "नाना, मी बरी शे. तू जाय."

तिसरं पुस्तक आपल्याच गावाचं. यात घराघरातल्या पुरुषमाणसांची नोंद द्यायची होती. मतदार यादीवर नानांचा काडीचा विश्वास नाही. त्यांनी वेगळीच वाट काढली. आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू काढताना घरातली बाई प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ टाकते. नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. सुरतला असो की पुण्याला, पाळण्यातला असो की काठी टेकणारा, एकही सुटत नाही. नाना दारोदार फिरले. "अक्का, औंदा कितल्या मुठी टाक्यात?" बायांनी धडाधडा नावं सांगितली, नानांनी लिहून घेतली. बाहेरगावी असलेल्यांपुढे त्या त्या गावाचं नाव घातलं. ज्यांचं काही सांगितलं नाही त्यांच्यापुढे 'राहणार सावरपिंप्री'. प्रस्तावनेत मोठ्या दिमाखात लिहिलं, 'ही नोंद बिनचूक आहे.' मलाही ती युक्ती इतकी आवडली की मी त्या वाक्यावर लाल पेन चालवलं नाही. चूक माझीही आहे.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर प्रकाशन झालं. पेढे वाटून होताहेत तोच चहावाल्या भूपेंद्रने सत्त्याऐंशीवं पान उघडून मोठ्याने वाचलं : 'वच्छलाबाईंचे थोरले चिरंजीव मगन, राहणार सावरपिंप्री.' मग म्हणाला, "नाना, मगन गावमा राहस ना? मंग बलाव त्याले चहा पेवाले!"

ओटा हसला. मगन दोन हजार तीन साली बापाशी भांडून सुरतेच्या गाडीत बसला होता. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही, कुणाला दिसलाही नाही. बाप त्याची वाट बघत गेला. हे गावाला माहीत होतं आणि नानांनाही. पण वच्छलाबाईंनी नावं सांगितली तेव्हा ती इतक्या सहज सांगितली की नाना लिहीत गेले.

त्या दिवसापासून नानांचा चेहरा उतरला. एकच चूक, पण ती 'बिनचूक' म्हणून छापलेल्या पुस्तकात. त्यांनी शुद्धिपत्र काढायचं ठरवलं. सगळं पुस्तक चाळून बारीकसारीक सव्वीस चुका शोधल्या आणि सत्ताविसावी माझ्याकडून लिहून घेतली : 'पान ८७, ओळ ११. मगन हे सन २००३ पासून गावात नाहीत.' पण ज्याच्याबद्दल छापायचं त्याच्या घरी ते आधी वाचून दाखवायचं, हा त्यांचा नियम. "बाई, तुम्ही चला," म्हणाले. "माझ्याने एकट्याने व्हायचं नाही." आयुष्यभर फुकट्या प्रवाशांशी भांडलेला माणूस चुलत भावजयीला, वच्छलाबाईंना, भ्याला होता.

वच्छलाबाई ओसरीत शेंगा निवडत होत्या. नाना खाटेच्या कडेवर टेकले, घसा साफ केला, उन्हाबद्दल बोलले, शेंगांबद्दल बोलले. शेवटी मीच पुस्तक उघडून नानांच्या हातात दिलं.

"वाच," वच्छलाबाई म्हणाल्या.

नानांनी वाचलं. 'थोरले चिरंजीव मगन, राहणार सावरपिंप्री.'

"आखो वाच."

पुन्हा वाचलं. वच्छलाबाईंनी पदराला हात पुसले आणि ती ओळ कुठे आहे ते विचारून तिच्यावर बोट ठेवलं. बाईंना वाचता येत नाही. बोट बराच वेळ तिथेच होतं. मला वाटलं उठून निघून जावं.

मग नानांनी शुद्धिपत्राची ओळ वाचली, घाईघाईने.

मला वाटलं होतं बाई रडतील, नाहीतर नानांना शिव्या देतील. तसं काहीच झालं नाही. "खरं शे," त्या म्हणाल्या. "बावीस वरीस व्हयनात. लिख."

नानांनी सुटकेचा श्वास टाकला. तो अजून पुरता सुटलाही नव्हता.

"पन एक काम कर, नाना. औंदा रोटना गहू काढाना येळे तू ये. त्यानी मूठ टाकू नको, हाई मले तू सांग. मन्हाघाई ते व्हत नही."

आवाजात राग नव्हता. आपल्याच्याने होत नाही म्हणून खरंच मदत मागत होत्या. त्यांनी दिलेला चहा आम्ही प्यायलो, शेंगा घेतल्या आणि निघालो.

आठवड्याने शुद्धिपत्राचं प्रूफ माझ्याकडे आलं. मी माझ्या सवयीने मोजलं. सव्वीस. सत्त्याऐंशीवं पान नव्हतंच. मी लगेच फोन लावला, कारण मला अर्धवट काम सहन होत नाही.

"नाना, मगनची चूक राहिली."

"ती नोंद आपण वहिनीच्या घरी जाऊन तपासली, बाई," नाना म्हणाले. "बरोबर आहे ती."