ल्वारकाठची तळमजल्यावरची खोली

"बसू या की जरा," असं म्हणून ते गुडघ्यांवर हात टेकत आणि समोर जे असेल त्यावर बसत. बाक, दगड, कुणाच्या बागेची बुटकी भिंत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. साठीला टेकलेले हे सांगलीचे गृहस्थ आयर्लंडमधल्या किलकेनीत आमच्याच कारखान्यात क्वालिटीला होते, मी प्लॅनिंगला. तोंडावर मी त्यांना काका म्हणे, मनात आळशी.

लॉकडाऊनमध्ये आम्ही नोअर नदीकाठी फिरायला जात असू. एकदा गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, त्यांना बाकावर बसलेलं पाहून हटकलं. बाहेर पडायचं ते व्यायामापुरतं, बसायला नाही.

"दोन चालण्यांच्या मधे आहे मी," काका शांतपणे म्हणाले.

तो जरा विचारात पडला आणि "ग्रँड", म्हणजे ठीक आहे, असं म्हणून निघून गेला. त्या वेळी मी शेजारी उभ्या जागी पाय उचलत पळत होतो, पुरावा म्हणून.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात प्रवास सुरू झाले, तसं काकांनी विचारलं, "फ्रान्सला येतोस? ल्वार नदीवर आंब्वाज म्हणून जुनं गाव आहे. बुकिंग झालंय, दोघांचं. आठवडाभर नुसतं राहायचं."

माझा समज असा, की त्यांना माझ्या फ्रेंचची आणि नियोजनाची गरज आहे. फ्रेंच मी मोबाइलवर शिकलो होतो. सफरचंद खाणाऱ्या मुलीविषयी दोन वाक्यं बोलू शकत होतो. किल्ले, बागा, वाइनची तळघरं असा तासातासाचा तक्ता मी केला. काकांनी तो वाचला, "छान आहे" म्हणाले आणि गावात पोचल्यावर नदीकाठच्या दगडी धक्क्यावर जाऊन बसले.

मी एकटाच धावलो. एका किल्ल्यात तर जर्मन पर्यटकांच्या मागे तासभर हिंडलो आणि समजल्यासारखी मान हलवली. संध्याकाळी परतलो, तेव्हा मासे धरणारा एक म्हातारा काकांना गळ लावायला शिकवत होता. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं.

माझी खोली तळमजल्यावर होती, काकांची तिच्या वरची. न्हाणीघरात धरायला दांड्या, शॉवरखाली स्टूल. फ्रेंच लोक किती काळजी घेतात, असं मी घरी फोनवर सांगितलंही. स्टुलावर बसून आंघोळ करायची सवय लागली होती.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला मी एकटाच होतो. घरमालकीण मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "स्टूल मी त्यांच्या आईसाठी आणलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, गुडघे दुखतात, जिना नको. आई नाही आल्या?"

मी तक्ता टेबलावरच ठेवून धक्क्यावर गेलो.

"काका, हे बुकिंग तुमच्या आईसाठी होतं?"

"मागच्या वर्षीचं. ती आयर्लंडला यायची होती, तिथून इकडे. विमानंच बंद झाली. मग पुढं ढकललं." ते पाण्याकडे बघत होते. "दुसऱ्या लाटेत गेली. सगळं व्हिडिओवर पाहिलं."

"मला बोलला नाहीत."

"काय बोलायचं?"

"मग मला कशाला आणलंत?"

"खाली खोली रिकामी असती, तर झोप आली नसती. तू घोरतोस. वरपर्यंत ऐकू येतं. बरं वाटतं."

माझी फ्रान्समधली एकमेव उपयुक्त कामगिरी मी झोपेत केली होती. मी त्यांच्या शेजारी बसलो. नदीत वाळूची बेटं उघडी पडली होती, त्यावर बगळे उभे होते.

"तिने फोनवर विचारलेलं, नदी कृष्णेएवढी आहे का," काका म्हणाले. "पात्र मोठं आहे, पण पाणी कमी. 'आमच्याकडं जास्त असतं,' असं सगळ्यांना सांगून खूश झाली असती."

मग ते रडले. आवाज न करता, बराच वेळ. मला तर सफरचंदाचीच वाक्यं येत होती. गळवाला म्हातारा आला, आम्हाला बघून थोडा लांब जाऊन बसला. उरलेले दिवस आम्ही तिघं तिथेच होतो. मासा एकही मिळाला नाही.

त्या हिवाळ्यात काका कायमचे सांगलीला गेले. डब्लिन विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. तपासणीत त्यांना पट्टा काढायला लावला. पलीकडे पोचल्यावर एका हाताने पँट धरून, दुसऱ्या हाताने ते मला हात करत राहिले. मागची माणसं त्यांना वळसा घालून पुढे जात होती.