तिसरी ग्लू गनही गारच

भीमराव चंदनशिवे यांचा डोळ्यांपेक्षा बोटावर जास्त भरवसा. कागद हातात आला की अंगठा आणि तर्जनीत चोळून बघणार, पुठ्ठा आला की कडेवरून नख फिरवणार. आंघोळीचं पाणी बायकोनं विसणून ठेवलं असलं तरी बोट बुडवल्याशिवाय अंगावर घेणार नाहीत. खडकीतल्या एका छापखान्यात बाइंडिंग खात्यात छत्तीस वर्षं काढल्यावर माणूस आणखी कसा होणार! तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सरस उकळला की जळतो, निवला की धरत नाही. मधला ताव घड्याळात दिसत नाही, बोटाला कळतो."

सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा गोंद. पाण्याच्या पातेल्यात त्याचा डबा ठेवायचा, तापवायचा आणि तर्जनी टेकवून मनात मोजायचं. एकलाच चटका बसला तर फार तापला, दोनला बसला तर बरोबर, तीनपर्यंत बसलाच नाही तर अजून थांबा. खात्यात थर्मामीटर होता, पण तो साहेबांना दाखवण्यापुरता. खरा थर्मामीटर भीमरावांच्या उजव्या हाताला होता, असं पोरंसोरंही म्हणायची, आणि भीमरावांना ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. निरोपाच्या दिवशी हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, दोन जण रडले. भीमरावांना विशेष काही वाटलं नाही. मागच्या वर्षी थोरला भाऊ गेला, तेव्हा सगळं घर हंबरडा फोडत असताना ते खुर्च्या नीट लावत होते. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. पण वाटत नव्हतं. सकाळ व्हायची, पेपर यायचा, दुपार व्हायची. एकदा तर विश्रांतवाडीच्या भाजीबाजारातून घरी आले ते एकच चप्पल घालून. दुसरी वाटेत कधी निसटली, पत्ताच नाही. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई हसून हसून खाली बसल्या. "अहो, लक्ष कुठं असतं हल्ली तुमचं?" भीमरावही हसले, कारण समोरचं माणूस हसत होतं. नऊ वर्षांपासून साखर होती, गोळ्या आठवतील तेव्हा घ्यायच्या, आणि फिरणं म्हणजे गॅलरी ते स्वयंपाकघर.

त्या गॅलरीतच त्यांनी आपलं छोटं खातं मांडलं होतं. एक टेबल, सुया, दाभण, दोऱ्याची रिळं, पुठ्ठा कापायची पाती आणि पुस्तक दाबून ठेवायचा एक लाकडी शिकंजा. वस्तीतल्या पोरांच्या फाटक्या वह्या-पुस्तकांपलीकडे तिथं काही येत नसे.

मग चैत्रात शर्मिलाताई आल्या. निवृत्त शिक्षिका, आता विहाराचं वाचनालय बघतात. वाचनालयाची खोली नवी होत होती आणि वैशाख पौर्णिमेला ती उघडायची होती. जुनी नव्वद पुस्तकं पार खिळखिळी झाली होती. "बाहेर बाइंडिंगला दिली तर स्टेपल मारून देतात हो," शर्मिलाताई म्हणाल्या, "तुमच्या हातची हवीत." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत भीमराव हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी रिक्षातून गठ्ठे आले. रात्री जेवताना त्यांनी मागून भाकरी घेतली, हे चंद्रभागाबाईंनी पाहिलं. माणसाकडे बाकी काय उरलं होतं? हात तेवढे होते, आणि ते कुणाला तरी हवे होते.

पंचवीस दिवस, नव्वद पुस्तकं. शिलाई रोज होत होती, अडत होतं ते पाठीला गोंद लावण्यापाशी. पहिल्याच दिवशी सरस तापवला, तर संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात. "चंदनशिवे, आपल्याकडे काही मेलंय का?" सरस बंद. पांढरा गोंद लावला तर पुस्तक रात्रभर शिकंज्यात ठेवावं लागे, आणि शिकंजा एकच. दिवसाला एक पुस्तक या हिशेबानं पौर्णिमा तीनदा येऊन गेली असती.

त्यांची मुलगी सोनाली हिंजवडीला कंपनीत आहे. तिनं फोनवर तोडगा सांगितला. "बाबा, हॉट ग्लू गन घ्या ना. प्लग लावायचा, मागून ग्लू स्टिक घालायची, ट्रिगर दाबला की गरम ग्लू येतो. मिनिटात सेट. सिम्पल!"

भीमरावांना ते सिम्पल वाटलं नाही. जुना कागद फार तापलेल्या गोंदानं कडक होतो आणि वर्षभरात तुटतो. कमी तापला तर गोंद पाठीवर गोळा होऊन बसतो, दोऱ्यांत उतरत नाही. म्हणजे पुन्हा ताव आलाच. ते चौकातल्या अल्ताफभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. अल्ताफभाईंच्या तीन पिढ्या पुण्यात गेलेल्या, त्यामुळे गिऱ्हाइकाचा अपमान कसा करावा हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं.

"कशाला पाहिजे? लाकडाला, खेळण्याला की रुखवताला?"

"पुस्तकाला."

"पुस्तकं अजून वाचतात वाटतं." त्यांनी काउंटरवर तीन गन मांडल्या. "ही वीस वॅटची, बारीक काडीची. रुखवतवाल्या बायका हीच नेतात. ही साठची, जाड काडी. आणि ही शंभरची, हिला कमी-जास्त करायचं बटण आहे."

जुन्या कागदाला बेताची आच बरी म्हणून भीमरावांनी वीसची घेतली. घरी आले, प्लग लावला, दहा मिनिटं थांबले. काडी मात्र घातली नाही. एकदा काडी आत गेली की वस्तू वापरलेली ठरते, आणि अल्ताफभाई वापरलेली वस्तू परत घेण्यातले नव्हेत. शिवाय ताव बघितल्याशिवाय गोंद घालायचा नाही, हा छत्तीस वर्षांचा नेम. त्यांनी तर्जनी नळीच्या टोकाला टेकवली. एक, दोन, तीन. काही नाही. गन गार होती.

"तापत नाही," त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं.

"यंदा आठ रुखवतं उभी राहिली हिच्यावर," अल्ताफभाई म्हणाले. पण दुकानात गर्दी होती आणि चंदनशिवे खोटं बोलणारा माणूस नव्हता. वरचे पैसे घेऊन त्यांनी साठची दिली.

साठचीही गार निघाली. यावेळी भीमरावांनी पाचपर्यंत मोजलं.

"ही शंभरची घ्या," अल्ताफभाई म्हणाले. "ही नाही तापली तर एकदा घरची वीज तपासा. नाहीतर माझी अक्कल तपासा."

त्या दिवशी भीमरावांनी आधी बारा पुस्तकं शिवली. दोरा ओढून ओढून तर्जनीवर फोड आला होता. शिलाईच्या दिवसांत असा फोड येतोच, म्हणून त्यांनी तिकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग शंभरची गन लावली, बटण मधे ठेवलं, पंधरा मिनिटांनी बोट टेकवलं. एक, दोन, तीन, चार. बटण पुढे सरकवलं. पुन्हा बोट. गारच. पण एक ओळखीचा वास आला. खात्यात सरस तळाला लागला की यायचा तसा, कातड्याचा. भीमरावांना तो वास आवडला. बऱ्याच दिवसांनी खात्यातली खिडकी, तिच्याखालचा डबा, खोकणारा मिस्त्री सगळं डोळ्यांसमोर आलं.

"अहो, सरस लावलात की काय?" चंद्रभागाबाई आतून ओरडल्या. "सेक्रेटरी येतील पुन्हा!"

"नाही गं. ही गनच अजून तापत नाहीये."

तिसऱ्यांदा पिशवी घेऊन ते दुकानात आले तेव्हा अल्ताफभाई वाटच बघत असल्यासारखे बसले होते. परत आलेल्या दोन्ही गन त्यांनी लावून पाहिल्या होत्या. दोन्ही उत्तम चालत होत्या.

"नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात, चंदनशिवेसाहेब. आज तुमच्यादेखतच अंगण बघू." त्यांनी शंभरची गन काउंटरवरच लावली, मागून काडी सारली आणि पाच-सात मिनिटांनी ट्रिगर दाबला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पातळ, चकचकीत गोंद ओघळला. त्यातून वाफ निघत होती.

"आता?"

"बघू," म्हणत भीमरावांनी तर्जनी नळीला टेकवली आणि मोजू लागले. या वेळी मोठ्यानं, अल्ताफभाईंना ऐकू जावं म्हणून. "एक. दोन. तीन. चार." त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याची छटा होती. "बघा. गारच आहे."

अल्ताफभाईंनी त्यांच्या हातावर फटका मारून तो बाजूला उडवला. गन खाली पडली. खिळे घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं. अल्ताफभाईंनी भीमरावांचा हात उलटा केला. बोटाच्या टोकावर एक जुना पिवळा चट्टा होता, त्याशेजारी फुटलेला फोड, आणि आत्ताचा पांढरा पडलेला गोल. तोच वास दुकानात पसरला होता.

अल्ताफभाईंनी आपली पाण्याची बाटली उघडली आणि भीमरावांच्या बोटावर धार धरली. काउंटरवरची बिलं भिजली.

"साहेब, दुखत नाही?"

"नाही."

"थोडंही नाही?"

"नाही म्हटलं ना," भीमराव म्हणाले. ते आपल्या बोटाकडे दुसऱ्या कुणाच्या बोटाकडे बघावं तसं बघत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हे. तीन गन झाल्या, बिघाड हाताच्या टोकाला बसून होता. अल्ताफभाईंनी गन उचलली, पुसली, पिशवीत घातली आणि पिशवी त्यांच्या डाव्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सोनाली सुट्टी टाकून आली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नायलॉनचा एक ताठ दोरा काढला. "डोळे मिटा. बोटांना, तळपायाला दोरा टेकला की सांगा." भीमराव डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला, डॉक्टर सुरू का करत नाहीत म्हणून त्यांनी डोळे उघडले. तपासणी संपली होती. साखरेनं नसा मेल्या होत्या. पाय आधी, आता बोटं. ती चप्पल कशी निसटली याचाही उलगडा झाला, पण हसायला कुणी नव्हतं. गेलेलं परत येईल याची खात्री नाही, आहे ते जपा, आणि तापलेल्या कशालाही हात लावू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"बाबा, राहू दे ते," सोनाली गाडीत म्हणाली. "आपण बाहेरून बाइंडिंग करून देऊ त्यांना. मी पे करते."

भीमराव बरं म्हणाले. चार दिवस ते गॅलरीत बसून राहिले. बोटाला पट्टी, समोर पुस्तकांचे गठ्ठे. वाईट वाटत होतं का? तेही नाही. रिकाम्या खोलीत पंखा फिरावा तसं चाललं होतं. शर्मिलाताईंचा फोन आला, तो त्यांनी वाजू दिला. उद्या त्यांना गठ्ठे परत न्यायला सांगायचं, एवढं ठरवलं. सांगून टाकलं की संपलं.

पाचव्या दिवशी दुपारी चंद्रभागाबाई हात पुसत गॅलरीत आल्या. त्यांनी खुर्ची ओढली, टेबलाशी बसल्या आणि गनचा प्लग लावला.

"काय करतेस?"

"बोट माझं. मोजायचं तुम्ही."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत भीमरावांनी बायकोला सरसाच्या डब्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. हे बायकांचं काम नाही, असं ते सांगत. खरं म्हणजे ताव फक्त आपल्यालाच कळतो, हा गर्व होता. आता ते म्हणाले, "नळीला नाही लावायचं. पुठ्ठ्यावर थेंब टाकतो, त्याला लाव. नुसतं टेकव."

थेंब पडला. बाईंनी बोट टेकवलं. "आई गं!"

"एकला की दोनला?"

"तुमचं एक तोंडातून निघायच्या आत!" त्या बोट तोंडात घालून म्हणाल्या. "मेलं ते मोजणं."

भीमरावांनी बटण मागं घेतलं. थांबले. दुसरा थेंब टाकला. "एक," ते म्हणाले. "दोन."

"बसला," बाई म्हणाल्या.

भीमरावांनी पुस्तक शिकंज्यात धरलं आणि पाठीवरून गोंदाची रेघ ओढली. गोंद दोऱ्यांत उतरला, गोळा झाला नाही. हे त्यांना डोळ्यांनी दिसलं. मग दुसरं पुस्तक, तिसरं. दर पुस्तकाआधी थेंब, बोट, एक, दोन. उन्हं उतरेपर्यंत नऊ पुस्तकं झाली. चंद्रभागाबाईंचं बोट टोकाला लालबुंद झालं होतं. त्या ते दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसल्या होत्या.

"कसं लागतं गं?" भीमरावांनी विचारलं.

"काय?"

"चटका."

त्या हसतील असं त्यांना वाटलं. त्या हसल्या नाहीत. नीट आठवून त्यांनी सांगितलं, "आधी टोचल्यासारखं. मग जळतं. मग थोडा वेळ हुळहुळत राहतं."

भीमरावांनी त्यांचं बोट आपल्या दोन्ही हातांत घेतलं. घेतलेलं दिसत होतं, पण हातांना लागत नव्हतं. त्यांना त्या लाल बोटाचा हेवा वाटला. अगदी पोटातून, लहान मुलाला वाटावा तसा हेवा. किती तरी महिन्यांनी त्यांना काही वाटलं, ते हे. डोळ्यांतून पाणी आलं तेही त्यांना कळलं नाही. टेबलावरच्या पुठ्ठ्यावर पडलं तेव्हा दिसलं.

"चला, दहावं घ्या," बाई हळूच म्हणाल्या. "ताव जाईल."

"थांब जरा. अजून हुळहुळतंय का?"

"हो."

"जायला लागलं की सांग," भीमराव म्हणाले, आणि बोट धरून बसून राहिले.